भय न देणे आणि भय न घेणे

(उतारवयातील लोकभयाविषयी एक पाठ)



माणसाच्या मनाला अनेक प्रकारची भये ग्रासतात. रोगाचे भय असते, दारिद्र्याचे असते, मरणाचेही असते. परंतु आपल्या बेळगाव-निपाणी भागातील वयोवृद्धांजवळ घटकाभर निवांत बसून त्यांचे बोलणे ऐकले, तर एक गोष्ट ध्यानात येते. मरणाविषयी ते सहज बोलतात. "आता बोलावणे आले की निघायचे," असे म्हणून हसतातही. त्यांचा आवाज खाली येतो तो निराळ्याच ठिकाणी. "लग्नघरात मी पुढे बसले तर कोणी काही म्हणेल." "सुनेच्या मैत्रिणी आल्या की मी आत गेलेलीच बरी." "मला नीट ऐकू येत नाही; चार माणसांत उगाच हसे होते." ही वाक्ये आपण सर्वांनी ऐकली आहेत आणि ऐकून सोडून दिली आहेत.

हे जे भय, त्यास या पाठापुरते आपण 'लोकभय' असे नाव देऊ. आपल्या माणसांनी आपल्याला पंक्तीतून उठवावे, किंवा उठविले नाही तरी मनातून वगळावे, असे सतत वाटत राहणे म्हणजे लोकभय. तरुणपणीही हे भय असते. पण तेव्हा हातात काम असते, अंगात बळ असते, एक दार लागले तर दुसरे ठोठावता येते. उतारवयात दारे मोजकीच उरतात. जोडीदार गेलेला असतो, मुले पुणे, मुंबई किंवा बंगळूर येथे असतात, बरोबरीचे सोबती एकेक करून कमी होत असतात. म्हणून या वयात लोकभय अधिक खोल जाते आणि मनाच्या आरोग्यास अधिक बाधा करते.

प्रस्तुत लेखक कोणी शास्त्री नव्हे, वैद्यही नव्हे. देवळातील पूजाअर्चा करणाऱ्या वडिलांच्या हाताखाली वाढलेला, हायस्कुलापर्यंत शिकलेला एक तरुण आहे. जे वाचले, जे पाहिले आणि ज्यात स्वतःची चूक दिसली, ते आपणांपुढे ठेवीत आहे.

पाठाचे सूत्र

भगवद्गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणे सांगितली आहेत. त्यांपैकी एका लक्षणाचा आशय असा आहे की, भक्ताकडून लोकांना त्रास अथवा भय होत नाही, आणि लोकांकडून भक्तालाही ते होत नाही. या लक्षणाची दोन अंगे आहेत. पहिले अंग भय न देण्याचे, दुसरे भय न घेण्याचे. आपण वृद्धांना उपदेश करितो तो बहुधा दुसऱ्या अंगाचा. "आजी, लोकांचे मनावर घेऊ नका." "आजोबा, देवाचे नाव घ्या, सारे विसरा." परंतु त्या श्लोकात भय न देण्याची गोष्ट आधी आली आहे, हे आपण विसरतो. हा क्रम ध्यानात ठेवून पुढील विवेचन वाचावे, अशी विनंती आहे.

एक अनुभव

माझे वय तेव्हा अकरा-बारा वर्षांचे असेल. नवरात्रात सायंकाळच्या आरतीनंतर कुंकवाचे तबक घेऊन बायकांच्या रांगेतून फिरण्याचे काम वडिलांनी मजकडे दिले होते. प्रत्येकीने चिमूटभर कुंकू घ्यावे आणि मी पुढे सरकावे, असा क्रम. ज्यांच्या कपाळी कुंकू नाही त्यांच्यापुढे थांबायचे नसते, हे मला कोणी शिकविले नव्हते. पाहून पाहून ते मला ठाऊक झाले होते.

रांगेच्या शेवटी खांबाला टेकून एक आजी बसत. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे काढली होती आणि पतीच्या माघारी तीन मुलांना वाढविले होते. एका संध्याकाळी मी घाईत होतो. कपाळाकडे पाहण्याचे राहून गेले आणि तबक त्यांच्यापुढे थांबले. त्यांनी चटकन दोन्ही हात पदराखाली घेतले आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "पुढं जा बाळा, माझ्यापाशी नको थांबू." मी पुढे गेलो.

त्यानंतर त्या देवळाच्या आत येईनाशा झाल्या. रस्त्यावरूनच कळसाला हात जोडून जात. गुडघे दुखतात म्हणून पायऱ्या चढत नसतील, असे आम्ही समजलो. पुढे पुष्कळ वर्षांनी माझ्या आईजवळ त्यांनी मन उघडे केले. "पोरानं तबक माझ्यापुढं धरलं ते साऱ्या जणींनी पाहिलं. मीच हात पुढं केला असं त्यांना वाटलं असंल. कुठल्या तोंडानं आत येऊ?" आईने त्या काळी नेमाने येणाऱ्या बायकांपाशी सहज विषय काढून पाहिला. तो प्रसंग एकीलाही आठवत नव्हता.

मी हे सारे वडिलांना सांगितले. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कोणापुढे थांबायचे नाही, हे मी तुला शिकविले नाही हे खरे. पण सर्वांपुढे थांबायचे असते, हेही मी शिकविले नाही."

भयाचे दोन भाग

वरील प्रसंगात भयाचे दोन भाग एकमेकांत मिसळलेले आहेत. ते वेगळे करून पाहिले पाहिजेत.

एक भाग मनाच्या खेळाचा आहे. सारे आपल्याकडेच पाहत आहेत, असे माणसाला वाटते; प्रत्यक्षात लोक आपापल्या विचारांत असतात. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ टॉमस गिलोविच आणि त्यांचे सहकारी यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या बाबतीत बोधप्रद आहे. एका गायकाचे मोठे चित्र असलेला, विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा सदरा एकेका विद्यार्थ्यास घालावयास लावून त्याला इतरांनी भरलेल्या खोलीत पाठविले. तुझा सदरा किती जणांनी टिपला असेल, असे नंतर विचारता त्यांचा अंदाज सुमारे निम्म्यांचा आला. प्रत्यक्षात पाव जणांनीही तो जेमतेम टिपला होता. आजींच्या बाबतीत तर वर्षे लोटल्यावर कोणाच्याच स्मरणात काही उरले नव्हते. ज्या गोष्टीसाठी त्यांनी स्वतःला देवळाबाहेर ठेविले, ती त्यांच्यावाचून कोणासच ठाऊक नव्हती.

परंतु एवढ्यावर "भय खोटे होते" असे म्हणून मोकळे होणे योग्य नव्हे. दुसरा भाग खरा आहे. ज्या रूढीमुळे तबक पुढे सरकत असे, ती रूढी कल्पित नव्हती. आयुष्यातील चाळीस वर्षे बारशात, डोहाळजेवणात, संक्रांतीच्या वाणात आणि लग्नाच्या ओटीत त्यांना मागे राहावे लागले होते. ज्याचा हात एकदा पोळला आहे त्याने थंड तवा पाहूनही हात मागे घेतला, तर त्याला वेडा कोण म्हणेल? तवा कोणी तापविला, हाच आधी विचारण्याचा प्रश्न आहे.

हे भय येते कोठून

आपल्या भागात हे भय मुख्यत्वे तीन वाटांनी येते.

पहिली वाट रूढीची. वैधव्यासंबंधीच्या चालीरीतींचा उल्लेख वर आलाच आहे. या संदर्भात सौंदत्तीच्या डोंगरावरील यल्लम्मादेवीचे उदाहरण आपल्या घराघरांत परिचित आहे. जमदग्नी ऋषींचा वध झाला म्हणून मार्गशीर्षातील पौर्णिमेस देवीस वैधव्य आले असे मानतात. त्या दिवशी बांगड्या फोडण्याचा विधी होतो. पुढे ऋषी पुन्हा जिवंत झाले, म्हणून काही काळाने देवीचे सौभाग्य परत येते आणि चुडा पुन्हा भरला जातो. म्हणजे देवीच्या वैधव्याला अवधी आहे आणि शेवटही आहे.  जे आपण देवीच्या बाबतीत इतक्या प्रेमाने पाळतो, त्यातले थोडेसुद्धा घरातील आजीच्या वाट्यास येऊ नये काय?

दुसरी वाट शरीराची. कान मंदावले की माणूस प्रश्नाला भलतेच उत्तर देतो; मुले हसतात; तो पुढच्या वेळी बोलतच नाही. हात कापतो, चहा सांडतो. म्हणून तो पाहुण्यांपुढे येत नाही. हे हसणे दुष्टपणाचे नसते, पण त्याचा परिणाम दुष्टपणाइतकाच होतो.

तिसरी वाट आपल्या सीमाभागाची विशेष आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होऊन हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. त्यातील न्यायान्यायाचा विचार हा या पाठाचा विषय नव्हे. परंतु मराठी शाळेत शिकलेल्या, कन्नड बोलता येत असले तरी वाचता न येणाऱ्या वृद्धाला बँकेत किंवा कचेरीत कागद हाती घेऊन उभे राहताना जो संकोच वाटतो, तो प्रत्यक्ष पाहिलेला आहे. "हे कोठे भरायचे?" एवढे विचारण्याचीही त्यास लाज वाटते. मग तो पेन्शनीच्या कामासही जात नाही, नातवाची वाट पाहत बसतो. तो नातू दुसऱ्या माध्यमाच्या शाळेत शिकतो आणि आजोबांचे पत्र त्याला वाचता येत नाही. एकाच घरात दोघेही एकमेकांसमोर संकोचतात.

मनावर आणि देहावर होणारा परिणाम

"मनाला लागले" असे आपण म्हणतो, ते केवळ बोलण्यापुरते नाही. २००३ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी एक प्रयोग केला. यंत्रावरील चेंडूच्या खेळात तिघे खेळत आहेत असे भासवून एका व्यक्तीस हळूहळू चेंडू देणेच बंद केले आणि त्या वेळी तिच्या मेंदूचे निरीक्षण केले. शरीरास वेदना होताना मेंदूचे जे भाग जागृत होतात, त्यांपैकी काही भाग या साध्या वगळण्यानेही जागृत झालेले दिसले. अनोळखी माणसांनी घटकाभर चेंडू दिला नाही तर ही अवस्था. स्वतःच्या माणसांनी वर्षानुवर्षे वगळले तर काय होत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील दर सहा माणसांमागे एकास एकटेपणाने ग्रासले आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाचा धोका वाढविणारी, परंतु ज्यांवर उपाय करता येतो अशी १४ कारणे सांगितली. त्यांत कमी ऐकू येणे, नैराश्य आणि माणसांपासून तुटणे ही तिन्ही आहेत. म्हणजे ज्या आजोबांना ऐकू येत नाही म्हणून आपण बोलण्यातून वगळतो, त्यांच्या डोक्यावर आपण एकाच वेळी दोन ओझी ठेवतो.

लोकभय वाढत गेले की त्याची लक्षणे दिसू लागतात. झोप पहाटे लवकर मोडते. जेवणावरची वासना जाते. आवडीचे भजन, वर्तमानपत्र किंवा अंगणातील तुळस यांतही मन रमत नाही. "मी आता कोणाच्या कामाची नाही," असे शब्द वारंवार येतात. अशी अवस्था दोन आठवड्यांहून अधिक टिकली तर ते केवळ म्हातारपण समजू नये. तो नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. जिल्हा रुग्णालयात मनोविकारांचे डॉक्टर असतात. धारवाड येथे मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे. 'टेली-मानस' ही शासनाची दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य मिळते. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा स्वतंत्र क्रमांक आहे. "जगून काय करायचे" असे शब्द कानी पडले तर ते हसण्यावारी न नेता त्याच दिवशी जवळ बसावे, माणसाला एकटे सोडू नये आणि वैद्याचा सल्ला घ्यावा. ताप आल्यावर आपण डॉक्टरकडे जातो, त्यात लाज मानीत नाही. यातही मानू नये.

इतिहासाची साक्ष

बहिष्कार आपल्या परंपरेला नवा नाही. विठ्ठलपंत संन्यास सोडून गुरूच्या आज्ञेने पुन्हा गृहस्थाश्रमात आले म्हणून आळंदीच्या समाजाने त्यांना वाळीत टाकले, मातापित्यांना देहान्त प्रायश्चित्त घ्यावे लागले आणि चार मुलांना शुद्धिपत्रासाठी पैठणास जावे लागले, अशी कथा परंपरेने चालत आली आहे. त्या मुलांपैकी एकाची पालखी आज लाखो लोक पंढरीस नेतात. वाळीत टाकणाऱ्यांची नावे कोणास ठाऊक नाहीत. परंतु या कथेत एक दुःखाची गोष्टही आहे. सन्मान मुलांच्या वाट्यास आला. मातापित्यांच्या हयातीत कोणी दार उघडले नाही. उशिरा आलेला न्याय वृद्धांच्या कामास येत नसतो.

याहून अलीकडचे उदाहरण महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे. त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा. स्वभावाने ते अत्यंत भिडस्त होते. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर त्यांनी ११ मार्च १८९३ रोजी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. गोदूबाई बालवयातच विधवा झाल्या होत्या आणि पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकल्या होत्या. या विवाहाबद्दल कोकणातील मुरूड गावच्या लोकांनी कर्व्यांवर बहिष्कार घातला. स्वतःच्या गावी, स्वतःच्या आईच्या घरी मोकळेपणाने राहता येऊ नये, याचे दुःख भिडस्त माणसास किती झाले असेल! तरीही पुण्यास विधवांसाठी आश्रम निघाला, तो १९०० साली हिंगण्यास गेला, १९१६ साली महिला विद्यापीठ झाले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध. १९३६ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी त्यांनी मंडळ स्थापन केले. १९४४ साली, ८६ व्या वर्षी, समतेच्या प्रसारासाठी संघ काढला. गोदूबाई म्हणजेच आनंदीबाई यांनी आपले आत्मचरित्र 'माझे पुराण' या नावाने सांगितले, तेही वार्धक्यातच. १९५८ साली कर्व्यांना भारतरत्न मिळाले आणि ९ नोव्हेंबर १९६२ रोजी १०४ वर्षांचे आयुष्य भोगून ते गेले. गावाने दार लावले तेव्हा साऱ्या गावाची मनधरणी करीत ते बसले नाहीत. पत्नी, थोडे मित्र आणि हाती घेतलेले काम, एवढ्यावर ते उभे राहिले. साऱ्या जगाने स्वीकारलेच पाहिजे असे नाही. पण कोणीतरी स्वीकारावे लागते. एकट्याने हे भय जिंकल्याचे उदाहरण माझ्या वाचनात नाही. कर्व्यांनाही आनंदीबाई होत्या आणि आनंदीबाईंना शारदासदन होते.

तिसरे उदाहरण आपल्या अगदी जवळचे. सीमेला लागून असलेल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाने ४ मे २०२२ रोजी ग्रामसभेत ठराव केला. पतीच्या मृत्यूनंतर पत्नीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे या प्रथा गावात बंद कराव्यात, असा तो ठराव. त्याच महिन्यात १७ तारखेस महाराष्ट्र शासनाने परिपत्रक काढून इतर गावांनीही हेरवाडचे अनुकरण करावे असे सांगितले. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली केलेला कायदा जुलै २०१७ पासून अमलात होता. परंतु कायद्याला जे साधत नाही ते एका खेड्याने करून दाखविले. बहिष्कार घालणाऱ्यास कायदा शिक्षा देऊ शकतो. "आमच्याजवळ येऊन बसा," असे म्हणणे मात्र शेजाऱ्यानेच करावे लागते.

भय न देणे : समाजाचे काम

हेरवाडच्या ठरावाची वार्ता आमच्याकडेही पोहोचली आणि देवळाच्या कट्ट्यावर तिची चर्चा झाली. काहींना ती पटली, काहींना पटली नाही. वडिलांनी वाद घातला नाही. नवरात्राच्या आधी ते स्वतः त्या आजींच्या घरी गेले आणि म्हणाले, "वहिनी, यंदा आरतीला यायचे." त्यांनी गुडघ्यांचे कारण सांगितले. चार दिवसांनी वडील पुन्हा गेले. "पुढल्या वर्षी बघू," म्हणाल्या. तिसऱ्या वेळी आरतीच्या वेळेसच माझी आई आणि शेजारच्या दोघीजणी त्यांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांना बरोबर घेऊनच आल्या. तबक मी नेले. मुद्दाम सावकाश नेले आणि प्रत्येकीपुढे थांबलो. आजींनी कुंकू घेतले नाही. "सवय मोडली रे बाळा," म्हणाल्या. तबकातले एक फूल उचलून त्यांनी केसांना नव्हे, डोळ्यांना लाविले. मात्र त्या खांबापाशी गेल्या नाहीत, पुढे बसल्या. अजूनही येतात.

या प्रसंगातून मी तीन गोष्टी शिकलो. पहिली अशी की, निमंत्रण एकदा देऊन भागत नाही. चाळीस वर्षांचा नकार एका होकाराने पुसला जात नाही. पहिल्या नकारास अखेरचा नकार समजू नये. दुसरी गोष्ट, बोलावणे नाव घेऊन आणि घरी जाऊन करावे. "सर्वांनी यावे" या फलकावरील सर्वांत आपण आहोत की नाही, हीच तर त्या माणसाची शंका असते. तिसरी गोष्ट, तबक पुढे धरणे हे आपले कर्तव्य. घेणे न घेणे हा त्यांचा अधिकार. सुधारणेच्या उत्साहात बळजबरीने कुंकू लावणे हेही एक प्रकारे भय देणेच होय.

घरात करावयाच्या गोष्टी याहून सोप्या आहेत. ऐकू न येणाऱ्यांशी समोर बसून, तोंड दिसेल असे, सावकाश बोलावे. कानांची तपासणी करून घ्यावी. नातवंडे हसली तर त्यांना आजोबांदेखत न रागावता नंतर समजावून सांगावे. पाहुणे आले असता वडीलधाऱ्यांची ओळख आधी करून द्यावी. कचेरीच्या कामास त्यांच्याबरोबर जावे, पण त्यांच्याऐवजी बोलू नये. आई-वडिलांच्या निर्वाहाचा कायदा २००७ साली झाला आहे आणि तो अन्नवस्त्र व औषध मिळवून देऊ शकतो. त्यांचे मत विचारण्याची सक्ती कोणताही कायदा करू शकत नाही.

भय न घेणे : वडीलधाऱ्यांस विनंती

आता जे वडीलधारे हा पाठ वाचीत असतील किंवा कोणाकडून वाचून घेत असतील, त्यांच्या चरणी लहान तोंडी चार शब्द.

आपण जितके समजता तितके लोक आपल्याकडे पाहत नसतात. ज्या प्रसंगाची आठवण आपणांस रात्री जागविते, तो इतरांच्या स्मरणातही नसण्याचा संभव फार. एखाद्या विश्वासाच्या माणसास तो सांगून पाहावा. त्या आजींनी माझ्या आईला सांगितले, म्हणून गाठ सुटली. मनात ठेविली असती तर ती आजही तशीच असती.

साऱ्या गावाची मर्जी राखण्याची आपणांस गरज नाही. मोजकीच पण जिवाभावाची माणसे जवळ करण्याकडे उतारवयात मनाचा कल असतो आणि त्यातच समाधान मिळते, असे मानसशास्त्रही सांगते. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात १९३८ पासून माणसांच्या आयुष्याचा अभ्यास चालू आहे. त्यातून पुढे आलेला मुख्य निष्कर्ष असा की, वार्धक्यातील सुख व आरोग्य यांचा पैशापेक्षा आणि कीर्तीपेक्षा जवळच्या नात्यांशी अधिक संबंध आहे. अशी दोन-तीन नाती पुरेशी आहेत. तेवढी मात्र जपावीत.

आणि हाताला काही काम असू द्यावे. फुलांचे हार करणे, मुलांना पाढे म्हणावयास लावणे, भजनाला टाळ धरणे, शेजारच्या आजारी माणसाकडे रोज जाऊन येणे, यांपैकी काहीही चालेल. ज्याच्या हाताची कोणाला तरी गरज आहे, त्याला आपण नकोसे झालो असे वाटण्यास सवड कमी मिळते. आणि कोणी बोलावण्यास आले, तर त्याचे पहिल्याच वेळी ऐकावे. त्यालाही तुमच्या नकाराचे भय वाटत असते.

समारोप

भय घेणाऱ्याने धीर धरावा हे खरे, परंतु त्याला धीर येतो तो भय देणाऱ्याने हात मागे घेतल्यावर. म्हणून या पाठाचा आरंभ वृद्धांपासून नव्हे, आपणांपासून आहे. देवळात तबक फिरविणाऱ्यापासून तर निश्चितच आहे. मी दहा वर्षांपेक्षा अधिक काळ ते तबक न थांबता नेले. ती वर्षे परत देता येत नाहीत. पुढची आरती मात्र आजच सायंकाळी आहे.

मननासाठी प्रश्न

१. गेल्या वर्षभरात आपल्या घरच्या शुभकार्यात कोण मागच्या खोलीत बसले होते? ते आपणहून बसले, की तेथे बसण्याची त्यांना सवय लागली आहे?

२. पूर्वी देवळात नेमाने येणारी आणि आता न येणारी अशी कोणती व्यक्ती आपणांस आठवते? न येण्याचे खरे कारण आपण विचारले आहे काय?

३. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांस कोणत्या गोष्टीवरून हसले जाते? ते थांबविण्यासाठी घरातील कोणी काय करावे?

४. आपण स्वतः कोणत्या जुन्या प्रसंगामुळे एखाद्या घरी किंवा सभेत जाणे टाळीत आहोत? तो प्रसंग इतरांस आठवत असेल काय?

या प्रश्नांची उत्तरे कोणास दाखविण्याची आवश्यकता नाही. परंतु दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात जे नाव आले असेल, त्या घरी या आठवड्यात एकदा जाऊन यावे, एवढीच विनंती.